कुणालाच खोकला नाही

“मी नुसता सोबत आलोय,” असं नर्सला ठणकावून सांगून शिंपीबुवा छातीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसले. शेजारच्या रांगेत दोन जावा बोलत होत्या.

“जाऊबाई, सर्वेवाल्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी तर साफ सांगितलं, आमच्याकडे कुणी खोकत नाही.”

“मीही तेच. खोकला कळला असता तर मालकांनी कामावरून काढलं असतं ना! अख्ख्या वस्तीनं तेच सांगितलं.”

“मग?”

“मग तू माहेरी गेलीस आणि बाई परत आल्या. सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवलं, ‘या वस्तीत कुणालाच खोकला नाही.’ वाक्य पुरं होतंय तोच मामंजी खोकले. मग मी. मग अख्खी वस्ती!”

“अगं बाई! आणि त्या?”

“सगळ्यांचं खोकून होऊ दिलं. मग म्हणाल्या, ‘आता खरं सांगा. मालकांशी मी बोलते.’”

“बोलल्या?”

“बोलल्या म्हणून तर आज भरपगारी सुट्टी घेऊन उभ्या आहोत आपण!”

शिंपीबुवांनी रुमाल तोंडावर गच्च दाबला, पण खोकला काही ऐकेना.

“काका, तुम्ही नुसते सोबतच आलात ना?” असं म्हणत थोरलीनं मागं सरकून आपल्यापुढं जागा केली.