कॉम्प्युटरचं दुखणं

...आणि वर हा शेजारचा रावजी म्हणतो, वाजतोय तर वाजू द्या देवरामभाऊ, घरात कुकर नाही का वाजत? आता तुम्हाला सांगतो, कुकर वाजला की माणसाला भूक लागते, आणि हा कॉम्प्युटर वाजला की देवरामभाऊंची असलेली भूक जायची, मग दोन्ही एक कसे? बटण दाबलं की आधी आतला पंखा घरघरायचा, मग स्क्रीन काळी ती काळीच, आणि मग सुरू व्हायचं... टूंऽऽ... टूंऽऽ... असं लांब, थांबून थांबून, दवाखान्यात पडद्यामागून येतं ना, तसं. आवाज काही चांगला नव्हता.

तुम्ही म्हणाल, सिडकोत दोन खोल्यांत राहणाऱ्या, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेल्या माणसाला कॉम्प्युटर हवाय कशाला? तर तो त्यांचा नव्हताच. मुलाच्या, ज्ञानेशच्या शिक्षणासाठी घेतला, ज्ञानेश शिकला, बंगलोरला गेला, आणि कॉम्प्युटर मागे राहिला, देवरामभाऊ आणि सुलाबाई राहिले तसा. पण दर रविवारी सकाळी काय व्हायचं, ज्ञानेश तिकडे आपल्या घरी बसून हा इकडचा कॉम्प्युटर चालवायचा. म्हणजे इथे माऊसला कुणाचा हात नाही, आणि स्क्रीनवरचा तो पांढरा बाण आपला आपण फिरतोय, हे उघड, ते पूस, कचरा काढ... मशीन जुनं, त्याला दर आठवड्याला झाडलोट लागायची. फोन बाजूला स्पीकरवर. एरवी फोन आला तर काय, "जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो," झालं. पण बाण आला की तासभर जायचा नाही. हात कामात गुंतलेले, म्हणून तोंड मोकळं. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा, मध्येच शिट्टी वाजवायचा, भाजी काय केली विचारायचा. सुलाबाई तर त्या बाणापुढे चहाचा कप ठेवायच्या. बाण चहा पितो का? पण ठेवायच्या.

आणि ज्ञानेशनं मागेच सांगून टाकलं होतं, "अण्णा, हा बंद पडला की सरळ भंगारात द्या. मी टॅबलेट पाठवतो. त्यात काही बिघडतच नाही." बिघडत नाही म्हणजे बघायला यायला नको. बघायला यायला नको म्हणजे बाण नाही. म्हणून तर देवरामभाऊ त्याला काही कळू देईनात, आणि इकडे रविवार जवळ येत चाललेला, आणि ते आपलं टूंऽऽ... टूंऽऽ...

रावजीनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, पोराचा ताप बघावा तसा, आणि मान हलवली. "माझ्या साडूचा असाच वाजत होता. गेला."

"कोण, कॉम्प्युटर?" सुलाबाईंनी विचारलं.

"आधी कॉम्प्युटर," रावजी म्हणाला.

आता असं कुणी बोलतं का आजाऱ्यासमोर? सुलाबाई उठल्या, मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट काढली, मिरच्या तव्यावर टाकल्या, आख्खी खोली खोकली, रावजी खोकत खोकत घरी गेला. कॉम्प्युटर काही खोकला नाही. वाजला. देवरामभाऊंनी डब्याला कान लावला. जन्म कंपनीत पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर गेलेला. तिथे मशीनचा सूर बदलला की माणसं आधी हात काढून घ्यायची, मग बोलायची. आवाज काही चांगला नव्हता.

शेवटी एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून दुरुस्तीवाला रवी आला. स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, आत बॅटरी मारली. देवरामभाऊ उभे, सुलाबाई उभ्या. मग दोन बोटांनी त्यानं एक तांदळाचा दाणा बाहेर काढला, लालभडक. मग दुसरा. मग मूठभर.

"काकू, आत भातशेती करता का?"

"दसऱ्याची पूजा करते," सुलाबाई म्हणाल्या. "यंत्र आहे ते. हळदकुंकू, अक्षता वाहाव्या लागतात."

"मग बाजूनं वाहा ना. वर जाळी आहे, सगळं आत पडतंय. मुंग्यांनी वसाहत केलीय."

"देवाला काय बाजूनं वाहतात?"

रवीनं हातभर वायरींच्या मागून एक हिरवी पट्टी उपसली. "ही रॅम. हिच्या दातांवर कुंकू बसलंय, म्हणून बोंबलतोय." आणि खिशातून काढलं काय, तर शाळेतलं खोडरबर. घासत घासत सांगू लागला, "लांब आवाज आला की रॅम, ते बरं होतं. तुटक आला असता ना काका, टुक-टुक-टुक, तर बोर्ड गेला समजा. मग कुणी हात लावत नाही." पट्टी बसवली, बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळली. ना घरघर, ना टूं. दारात चपला घालताना मात्र तो हळूच म्हणाला, "वय झालंय काका. चालेल तेवढा चालेल." कुणाचं वय, ते देवरामभाऊंनी विचारलं नाही.

रविवारी बाण आला. इकडून तिकडे पळाला, चार ठिकाणी डोकावला. "अण्णा, काय केलंत हो याला? नुसता धावतोय." देवरामभाऊ खूश. "मग आता दर रविवारी बघायला नको," ज्ञानेश म्हणाला. "मस्त झालं." बाण कोपऱ्यात गेला आणि थांबला. कपातल्या चहाची वाफसुद्धा सरली नव्हती.

पुढच्या रविवारी दोघं स्क्रीनपुढे बसून राहिले. बाण जिथे होता तिथेच. आणि तुम्हाला सांगतो, आता घरात आवाजच नव्हता, आणि ते तर अजिबात चांगलं नव्हतं. सुलाबाईंनी फोन उचलून देवरामभाऊंच्या हातात दिला.

"ज्ञानेश," देवरामभाऊ म्हणाले, "कॉम्प्युटर वाजायला लागलाय रे."

"कसा वाजतोय? ऐकवा बघू."

आता काय ऐकवणार? कॉम्प्युटर समोर शहाण्यासारखा बसलेला. देवरामभाऊंनी फोन हातभर लांब धरला, तोंड फिरवलं आणि स्वतःच सुरू केलं... टूंऽऽ... पहिला अगदी हुबेहूब आला, सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसरा मध्येच तुटला. तिसऱ्याला छाती भरून आली... टूं... टु... टु...

पलीकडून ज्ञानेशनं निदान सांगून टाकलं.

"अण्णा, हा तर तुटक येतोय. बोर्ड गेला. आता उगाच कुणाला बोलावू नका. टॅबलेट मागवतोय मी, बुधवारपर्यंत येईल."

फोन बंद झाला. सुलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"जरा लांब ओढायचा होता," त्या म्हणाल्या.

"ओढला गं," देवरामभाऊ म्हणाले. "तेवढाच दम होता."