स्टीलचा चिमटा

संशोधिका : थांबा सर, पेपर पाठवू नका. भुकटी दाबून केलेली, कोबाल्ट न घातलेली टिकलीसुद्धा चुंबकासारखीच वागतेय.

सर : काहीतरीच काय! नुसत्या झिंक ऑक्साइडमध्ये चुंबकत्व येईल कुठून?

संशोधिका : म्हणून तर दोनदा मोजली. कोबाल्टवाली आणि साधी, दोघींचे आलेख जुळ्या बहिणींसारखे.

सर : अगं, त्या इवल्याशा स्फटिकांत कोबाल्ट मिसळलं की ते खोलीच्या तापमानालाही चुंबक होतात, यावरच तर तुझा अख्खा प्रबंध उभा आहे.

संशोधिका : मग पायाच कच्चा आहे. (दोन चिमटे टेबलावर ठेवते.) हा आपला स्टीलचा, हा प्लास्टिकचा. मी नव्या टिकल्या दाबल्या आणि नुसत्या प्लास्टिकच्याने उचलल्या. चुंबकत्व गायब! यंत्रात कडाक्याची थंडी केली की कोबाल्टवाली जराशी जागी होते, तेवढंच.

सर : म्हणजे आपण इतकी वर्षं मोजत होतो ते...

संशोधिका : चिमट्याच्या टोकाचं लोखंड. टिकलीच्या कडेला घासून लागलेलं. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतं.

सर : सगळी मेहनत पाण्यात! तुझी आई तर आत्तापासूनच तुला डॉक्टरीणबाई म्हणतेय.

संशोधिका : म्हणू दे. मी ओ जरा उशिरा देईन.

सर : हे बघ, परीक्षकांच्या लक्षातही येणार नाही. झाकली मूठ...

संशोधिका : मूठ माझी आहे, सर. आत काय आहे ते मला ठाऊक आहे. मी पुन्हा पहिल्यापासून करणार.

सर : भलती हट्टी आहेस.

संशोधिका : हाताखाली कुणाच्या शिकले?

सर : हं. हा चिमटा तुला मीच दिला होता ना?

संशोधिका : पहिल्याच दिवशी. म्हणालात, ‘याच्यावर मी नाव काढलं, तूही काढशील.’

सर : म्हणजे माझा तो गाजलेला शोधही...

संशोधिका : मी तसं म्हटलं नाही, सर.

सर : तू कशाला म्हणशील? मला दिसतंय की. लाज वाटतेय गं, खरं सांगतो.

संशोधिका : तुमच्या जुन्या टिकल्या कपाटात आहेत. पण त्यांनाही स्टील लागलेलंच असणार.

सर : मग माझ्याही नव्या करायच्या. भुकटी काढ.

संशोधिका : आत्ता?

सर : आत्ता. आणि तो प्लास्टिकचा चिमटा कसा धरायचा, ते दाखव मला.