सोडतो म्हणलो अन् कावळा शिवला

न्हाई न्हाई, त्या खुर्चीवर न्हाई मॅडम — म्हंजे बसा, बसायला काही न्हाई, पर तिचा एक पाय हलतो, अण्णालाच तेवढं जमायचं तिच्यावर बसायला. इकडं या, बाकड्यावर. फॉर्म सोळा आणलाय ना? द्या. पॅन-आधार मागल्या वर्षीचं हाय माझ्याकडं. मोबाईल तेवढा हातात ठेवा, शेवटाला ओटीपी येईल. — डोकं? हां, केस काढलेत. अण्णा गेले. वडील हो माझे, आश्रुबा वायरमन, त्या खुर्चीवर बसायचे तेच. ह्याच महिन्यात. झोपेतच गेले, काही तकलीफ न्हाई. दहावा-तेरावा समदं झालं. आता तुमी काही बोलू नका, लोक लई बोलून गेलेत, तुमी फक्त सांगा — तलवाड्याच्याच शाळेत हायत ना अजून? बदली न्हाई? बरंय. मास्तर लोकांचं काम सोपं असतं मॅडम, एकच पगार, लपवायला जागाच न्हाई. आत्ता उरकतो.

तर तुमच्या पोरीचं, करिष्माचं, काय म्हणत होता? बारावी झाली, अन् आता ह्या टॅक्सच्या लाईनीत घालावं का. कावून पर? दुनियेत इतक्या लाईनी हायत, हीच कावून? — काय म्हणती ती? परत सांगा. 'सर किती शांत असतात'? कोण, मी? कवा बघितलं तिनं मला? मागल्या वर्षी तुमच्यासंगं आलती? तासभर बसलती? असल. अण्णाशी बोलत बसली म्हणता — असल तेबी, अण्णा खांबाशीबी बोलत बसायचे. मला न्हाई आठवत मॅडम. राग मानू नका. इथं लई जण येतेत, बसतेत, जातेत.

शांत. बघा आता. लेकराला काय वाटावं अन् काय न्हाई. — न्हाई, लाईन चांगलीच हाय, लाईनीला नाव ठेवणार न्हाई मी. डोक्यावर पंखा हाय, ऊन न्हाई, पाऊस न्हाई, कुणाची चाकरी न्हाई. काम संपलं असं कधी होत न्हाई — जुलै झाला की सप्टेंबर, सप्टेंबर झाला की डिसेंबर, मधून मधून जीएसटीच्या तारखा हायतच. लोक मान देतेत. लग्नात गेलं की पुढं बसवतेत, अन् जेवता जेवता इचारतेत, साहेब, बायकोच्या नावानं दाखवलं तर चालंल का. पोरीच्या जातीला तर लईच चांगलं. हुशार हाय, हिशोबाला पक्की हाय, मग काय पाहिजे? काही न्हाई पाहिजे. फक्त मानवलं पाहिजे. हा शब्द अण्णाचा बरं का, माझा न्हाई. एखाद्याला एखाद्या गावचं पाणी मानवत न्हाई बघा — पाणी चांगलंच असतं, गाव पितंय, पर ह्यालाच मानवत न्हाई — तसं. घरभाड्याची पावती हाय का? न्हाई, स्वतःचं घर, बरोबर.

हासरी हाय का करिष्मा? घरात नकला-बिकला करती का कुणाच्या? — हासताय काय, खरंच इचारतोय. तुमची करती? डस्टर आपटत वर्गात येता ती? बघा. मी करायचो. आमचं गाव पाली, धरणाखालचं, माहीत असल तुमाला. तिथं माझ्या नकलांशिवाय गणपती उठत नव्हता. सरपंच पान खाऊन बोलायचा ते, कंडक्टर सुट्टे मागायचा ते, चुलती देवाशी भांडायची ते — एकदा माणूस बघितला की तो माझ्या अंगातच यायचा, चालणं, खाकरणं, समदं. कावळ्याची हाक द्यायचो तर खरे कावळे गोळा व्हायचे लिंबावर. अण्णा खांबावर चढलेले असायचे, वरनं ओरडायचे, ए, हनुमंता, त्या आमच्या साहेबाची कर रे. खाली लोक हासायचे, वर अण्णा हासायचे, अन् आई ओरडायची की हासून हासून तारंला हात लावताल. कुणी म्हणायचं नाटकात घाला, कुणी म्हणायचं तमाशात जाईल बेणं. मग मी बी.कॉम. झालो.

असो. — कपातीत विमा लावायचा हाय का? नव्या पद्धतीत त्याचा काही उपयोग न्हाई, सोडा.

अण्णा रिटायर झाले अन् इथं येऊन बसायला लागले. घरी करमंना. सकाळी माझ्यासंगं गाडीवर यायचे, त्या खुर्चीवर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचे, गाव इचारायचे, कोणाचे कोण ते काढायचे. मी आपला इकडं. एक दिवस आप्पाराव आलते — तुमाला नसतील माहीत, खडी क्रशरवाले — घंटाभर बसले, बोलले, गेले. ते गेले अन् अण्णा मला म्हणले, हनुमंता, आप्पारावाची नक्कल कर बे. लई मजेदार माणूस हाय, कर. मी म्हणलो, काय अण्णा, काय वय हाय का आता. ते म्हणले, कर की, कोणी न्हाई इथं. अन् मॅडम, मी करायला गेलो. खरंच गेलो. उठून उभा राहिलो. तर काहीच न्हाई. आप्पाराव कसे बसतेत, काय न्हाई. आवाज कसा हाय, काय न्हाई. त्यांचा टर्नओव्हर सांगतो मी झोपेतून उठून, मागल्या पाच वर्षांचा, पर त्यांना मिशी हाय का न्हाई ते सांगता येईना. अण्णा म्हणले, बरं, काय घालून आलते? पांढरं, म्हणलो. ते म्हणले, त्यांची आई वारली बे महिन्याखाली, डोक्याला फडकं बांधून आलते, दोनदा डोळे पुसले त्यांनी तुझ्यासमोर. मी म्हणलो, असल. मी स्क्रीनकडं बघत होतो.

त्या दिवशी घरी जाताना गाडीवर मागून म्हणले — हनुमंता, तुला हा धंदा मानवला न्हाई. दुसऱ्याला मानवत असल, तुला न्हाई मानवला. सोड. विलास कमावतोय, मला पेन्शन हाय, काहीबी कर, पर हे सोड. विलास म्हंजे धाकटा माझा, पुण्याला कंपनीत हाय. मी म्हणलो, सोडतो अण्णा, जुलै जाऊ द्या. त्यांना पटलं. मग दिवाळीला इचारलं, मी म्हणलो मार्च जाऊ द्या. मग परत जुलै जाऊ द्या. तेवढ्यात तेच गेले.

न्हाई, पाणी नको मला, तुमी घ्या.

दहावा पालीलाच केला, बिंदुसरेच्या काठावर. समदं मांडलं अण्णाच्या आवडीचं — भजे, चहा, तंबाखूची पुडी. समोर लाईटीचा खांब, अण्णानंच उभा केलेला, अन् त्याच्या तारंवर कावळे ओळीनं बसलेले. एक खाली येईना. मग सुरू झालं, ज्यानं त्यानं कबूल करायचं. विलास म्हणला, अण्णा, आईला मी सांभाळतो, काळजी करू नका. कावळा ढिम्म. चुलता म्हणला, आश्रुबा, मी बांध कोरणार न्हाई आता. लोक हासले. कावळा ढिम्म. गुरुजींना दुसऱ्या गावी दहावा होता, ते म्हणले, दर्भाचा कावळा करून शिवूत का, चालतं शास्त्रात. आई म्हणली, न्हाई, खऱ्यानंच शिवलं पाहिजे. मग माझ्याकडं बघून म्हणली, हनुमंता, तू लहानपणी हाक द्यायचास तशी दे की. मी तोंड उघडलं. काव, काव, म्हणलो. माणूस म्हणतो तसं, मॅडम. तुमच्या पहिलीच्या पुस्तकात असतं तसलं. कावळ्यांनी मानबी वळवली न्हाई. मग आई हळूच म्हणली, ते तरी म्हण, जे त्यांनी तुला सांगितलं होतं.

म्हणलो मग. अण्णा, सोडतो हा धंदा. एवढंच. अन् वाक्य संपलं न्हाई तर एक कावळा तारंवरनं सुटला, सरळ पिंडावर, चोच मारली, भजं उचललं अन् गेला. आई रडली. विलास माझ्या गळ्यात पडून रडला. चुलता म्हणला, बघा, त्याचा जीव पोरातच अडकला होता.

अन् मी कावून म्हणलो, म्हाईत हाय का? कुणाला सांगितलं न्हाई हे, तुमाला कावून सांगतोय काय की. खिशात मोबाईल थरथरत होता. सारखा. निम्म्या लोकांना माझाच नंबर टाकून दिलेला हाय मी, त्यांच्याकडं धड मोबाईल नसतो म्हून, तर कुणाचा तरी ओटीपी येऊन पडत होता अन् तो बाद होतो लगेच. मला एवढंच वाटत होतं की आता काहीतरी म्हणावं अन् उरकावं. म्हून म्हणलो. मनातून न्हाई म्हणलो मी. लोक रोज माझ्यासमोर बसून खोटं सांगतेत, मला आवाजावरनं कळतं, मी लिहून घेतो. अण्णाला न्हाई कळलं. त्यांना पटलं, हमेशासारखं पटलं, अन् खुशीनं गेले ते.

तिथं जेवायलाबी थांबलो न्हाई. चकोट डोक्यानं इथं आलो, शटर वर केलं. वाटलं घाटावर न्हाई रडलो तर इथं येईल रडू. न्हाई आलं. घरी येईल म्हणलं. न्हाई आलं. लोक म्हणतेत हनुमंतराव लई धीराचे. धीर कशाचा? दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो बघा, गाल आपलाच असतो पर चिमटा घेतला तरी कळत न्हाई — तसं झालंय, फक्त ती उतरायची वाट बघतोय, उतरंना. तुमची करिष्मा ह्यालाच शांत म्हणती. तिला सांगा की —

थांबा. आला बघा ओटीपी. सांगा. — हां. — हां. — शेवटचा आकडा परत सांगा. — झालं. भरलं रिटर्न. प्रिंट मेलवर येईल.

एक मिनिट बसा मॅडम. मी डोळे मिटतो. तुमी किती वर्षं येताय माझ्याकडं, अन् आज अर्धा घंटा झाला समोर बसलात. तुमी काय नेसलाय ते सांगतो. — थांबा, बोलू नका. — निळी? न्हाई. — चष्मा हाय ना तुमाला? — न्हाई? — काहीच न्हाई दिसत मॅडम, लाईट गेल्यावानी. — तुमी रडताय का? आवाज आला म्हून इचारलं. कावून रडताय? अण्णा तर माझे होते.

पुसा. तिथं टिशू हायत, अण्णानंच आणून ठेवलेत.

करिष्माचं म्हणता? जुलै जाऊ द्या, मग निवांत बसून सांगतो, तिलाच घेऊन या. — काय? अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख परवा हाय? परवाच? मग बसलाय काय मॅडम, भरून टाका की फॉर्म. चांगली लाईन हाय. तारीख तेवढी चुकवू नका.

बाहेर कोण हाय पुढचं? या.