सावंतकाकांची स्कूटर आणि माझी नजर

अगं, रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये डोळे तपासणी होती ना, तिथे काय झालं ऐक. तळमजल्यावरचे सावंतकाका जाम टेन्शनमध्ये. मुलाने बजावलेलं, "नंबर वाढला तर स्कूटरची चावी माझ्याकडे." मी म्हटलं, "काका, मी आहे ना. मला अजून चष्मासुद्धा नाही." रांगेतूनच तक्त्याची शेवटची ओळ वाचून त्यांच्याकडून घोकून घेतली. काकांनी ती धडाधड म्हटली.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सगळी अक्षरं चुकली. कोणी शिकवलं?"

काकांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. मग मॅडमनी दोघांनाही त्या मशीनवर हनुवटी टेकायला लावली. आत फुगा दिसतो, बाहेर नंबराची चिठ्ठी येते. काकांचा नंबर होता तेवढाच. माझा निघाला दीड.

काका चावी फिरवत म्हणाले, "चल गो, बस मागे. चष्म्याच्या दुकानात सोडतो."