लाल चिठ्ठी लावलेली खुर्ची

हॅलो? … हां, बोल बाळा. … जेवण झालं. सुट्टी संपायला वेळ आहे अजून.

काय लावल्यास? … लाल चिठ्ठ्या? माझ्या स्वयंपाकघरात?

अगं हो, मीच सांगितलं होतं. कारखान्यात जी वस्तू कुणी वापरत नाही तिला लाल चिठ्ठी, आणि कुणी माझी म्हणून पुढे आलं नाही की बाहेर. … हो, पायपीट वाचते. … हो, रोज थोडी सुधारणा. माझंच मला ऐकव! बरं, काय काय काढलंस?

फुटकी बादली… जाऊ दे. … मिक्सर? बंदच होता, दे.

काय? … कुठली खुर्ची? … ओट्याजवळची? तुझ्या आईची?

नको. … नको म्हणतो ना! कुठंय ती? … भंगारवाला खाली घेऊन गेला? अगं, थांबव त्याला!

का म्हणजे? … आता मला पाच वेळा ‘का’ विचारणार तू? … हो, मूळ कारण सापडेपर्यंत विचारायचं, तेही मीच शिकवलं. पण तो निघून जाईल तोवर!

बरं… पिशवी ठेवतो तिच्यावर. … खुंटी आहे, माहितेय. खुंटी दाराशी आहे. … नाही गं, नडगीला लागलं ते जुनं झालं. आता बघून चालतो.

(ए, लाइन चालू करू नका रे! आलो!)

हं, बोल… हे बघ, वस्तू काढायच्या आधी वापरणाऱ्याला विचारायचं, हा पहिला नियम. आमच्या साहेबांनी पॅकिंगचं टेबल न विचारता हलवलं, तर बायका दिवसभर मागे वळत होत्या. शेवटी बायकांनीच जागा दाखवली. मला विचारलंस का तू? … मग?

वापरतो गं. … बसत नाही. … बसत नाही, पण वापरतो. … आता कसं सांगू… गाडी उभी आहे ना अजून? बघ ना खिडकीतून! … वजन करतोय? मग जा की! … सांगतो, सांगतो.

मी भांडी घासतो ना संध्याकाळी… तेव्हा बोलतो. … कुणाशी काय. आज लाइन का थांबली, कोण चिडलं, तू फोन केलास का. आई तिथेच बसून ऐकायची ना. भाजी निवडत. … हो. अजून बोलतो. भिंतीशी बोलता येत नाही बाळा, करून बघितलं.

… हॅलो? … अगं, रडत काय बसलीस, पळ आधी! … फोन नको ठेवू! तसाच घेऊन जा!

… हॅलो? … जिना सावकाश उतर… हॅलो? … अहो भाऊ! ओ भंगारवाले! … ऐकू जातंय का त्यांना? … उतरवली? … पाय मोडला नाही ना? … आधीपासून डुगडुगतो तो. … हो, हजार वस्तू दुरुस्त केल्या, ही नाही केली. करकरली की कळायचं, आई चहाला उठली.

वर आणलीस? … ओट्याजवळ ठेव. अजून डावीकडे. … हां. आता बस तिच्यावर. … बस म्हणतो ना. फोन खाली धर.

… आला. आला आवाज.

ती चिठ्ठी काढ. … चल, लाइन थांबलीय माझ्यासाठी. ठेवतो.