काय काम आहे ते सांगा

आवं, पण घराला एवढं शाणं करायचं कशाला म्हंतो मी? घर हाय का साहेबाचं हापिस? आमचा प्रशांत, थोरला पोरगा, मिलिट्रीत सिग्नलला, सगळा जलम वायरीत गेलेला... सुट्टीवर आला आन् गेटाला मशीन बसवून गेला! "बाबा, आयचं गुडघं दुखत्यात, तिला उठाय नको. भाईरनं कुणी बटण दाबलं की माझा आवाज बोलंल. आत खाटंपाशी दुसरं बटण, तिनं ते दाबलं की गेट उघडंल, आपोआप मिटंल. नुसतं सुख!" सुख? घर शाणं झालं, तुमास्नी सांगतो!

आता आमच्या कडेगावात बटण दाबून कोण शिरतंय वं घरात? शेजारची रंगूबाई गल्लीतनंच वरडायची, "बाळाबाई, हाईस का गं?" आन् जबाब यायच्या आत चुलीम्होरं बसल्याली असायची. ती आली, भीतभीत बटण दाबलं, तर टेपात भरल्याला पोराचा आवाज, एकदम साहेबी, "जय भीम! आपलं नाव सांगा. काय काम आहे ते सांगा. थोडं थांबा." काम? रंगूबाईला काय काम असणार? माणूस कामानंच येतंय व्हय माणसाकडं? बिचारी वशाळली, "विरजण पायजे" म्हणाली, वाटी घेऊन गेली. दुसऱ्या दिशी काम सुचंना, आलीच न्हाई! धुळा धनगर मेंढरं घेऊन जाताना टेकायचा, चंची सोडायचा. तो म्हणाला, "सोपानदा, मशीनला काय सांगू, तंबाखू खायाला आलोय?" त्योबी तुटला.

घर शाणं झालं, आन् उंबऱ्याला माणसाचा पाय लागंना! आमची बाळाबाई खाटंवर. गुडघं ब्येस, पण तोंड उतरल्यालं, दोन घासात ताट सारायची. मला बघवंना. म्हटलं, "उपटून टाकतो ते मशीन." तर वाघिणीगत उठली, "हात लावायचा न्हाई!" आता बोला...

काल उसाला पाणी लावून जरा लवकर परतलो. बघतो तर बाई गेटाभाईर! बटण दाबलं. पोरगं म्हणालं, "काय काम आहे ते सांगा." आन् ही गेटाला तोंड लावून म्हणती, "मी तुझी आय. काम काय न्हाई रं, सहज आले. जेवलास का?" मशीन म्हणालं, "थोडं थांबा." ही थांबली. परत दाबलं...

पोरगं तिकडं बॉर्डरला, पत्र कवातरी येतंय. हिचं दुखणं गुडघ्यात न्हवतंच की! गेटात हिनं दगड लावल्याला, माझा पाय ठेचाळला, शिवी हासडून दगड लांब फेकला आन् हिच्या शेजारी उभा ऱ्हायलो. मीबी दाबलं. म्हटलं, "मी सोपान. तुझा बा." दोघं हसलो, दोघं रडलो. तेवढ्यात रंगूबाई, "आवं, भाईर का उभं?" धुळाबी थांबला. मग काय, गेटाभाईरच फतकल मारली, चंची सुटली, गप्पा रंगल्या. हिचं तोंड लय दिसानं खुललं. म्हणाली, "चला आत, समद्यांस्नी च्या टाकते."

गेट ढकललं. हालंना! दगड मी फेकल्याला, गेट आपोआप मिटल्यालं, आन् उघडायचं बटण कुठं? खाटंपाशी! घर शाणं झालं, तुमास्नी सांगतो, आन् घरधनी रस्त्यावर! काय करता? दाबलं परत. पोरगं म्हणालं, "काय काम आहे ते सांगा."

म्हटलं, "काय न्हाई रं बाबा, आमच्याच घरात जायचं हुतं."

"थोडं थांबा."

थांबलो की!