दादाचा डबा आणि दालमिलच्या पुल्या

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. दादा गेल्यावर परवा पहिल्यांदा आमची छोटी ओतकामाची भट्टी मी पेटवली. समोर खिळ्याला त्याचा स्टीलचा जेवणाचा डबा लटकत होता. मला बघवेना. उचलला आणि रागात वितळलेल्या बिडाच्या लोखंडात फेकला. त्याच बिडाच्या पुल्या अकोल्याच्या दालमिलसाठी ओतल्या.

आज त्या पुल्यांना भोकं पाडून देणारे लेथवाले काका मोडकं ड्रिल घेऊन आले.

"काय टाकलं बे याच्यात?"

"काई नाई. तुमचं ड्रिलच बोथट असन."

त्यांनी घणानं एक पुली फोडली. बीड आतून राखाडी हवं, ते साखरेसारखं पांढरं निघालं.

"स्टील टाकलं न? त्याच्यातल्या क्रोमियमनं बीड काचेवानी होते, टणक अन् ठिसूळ. तुह्या दादानं भट्टीत कधी चमचा पडू देला नाई."

मी फुटक्या पुलीचे तुकडे पिशवीत भरू लागलो. तेवढ्यात वहिनीचा फोन.

"भाऊजी, ह्यायचा डबा आना न घरी. माह्या लग्नातला हाय, दोघायचं नाव कोरलं हाय त्याच्यावर."

"आनतो," म्हणालो.

फुटकी पुली या पिशवीत आहे. म्हणून घरी न जाता तुमच्यात चहा पीत बसलोय.